शिवणयंत्राच्या कळांमागचा इतिहास

जुन्या काळ्या शिवणयंत्राकडे नीट पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. त्यावर नक्षी भरपूर असते, कंपनीचे नाव ठळक असते, पण कोणती कळ कशासाठी आहे हे कुठेही लिहिलेले नसते. डाव्या टोकाला दोन चकत्या, त्यांना दाबणारी स्प्रिंग आणि पुढे ० ते ९ आकड्यांचे बटण असते. उजव्या खांबावर आकड्यांच्या पट्टीतून वरखाली सरकणारा दांडा असतो. मोठ्या चाकाच्या मधोमध आणखी एक छोटे चाक असते. दाबपायाच्या वर, यंत्राच्या माथ्यावर एक स्क्रू असतो आणि मागे एक तरफ. यंत्राबरोबर आलेली माहितीपुस्तिका केव्हाच हरवलेली असते.

अशा वेळी बहुतेक जण एकेक कळ फिरवून पाहतात. दोरा तुटतो, खाली गुंता होतो, आणि 'मशीन बिघडले' असा निकाल देऊन ते भंगारात काढले जाते. वास्तविक ते बिघडलेले नसते. आपल्याला ते वाचता आलेले नसते.

हे वाचन शिकण्याचा एक चांगला मार्ग इतिहासातून जातो. यंत्र बनवणाऱ्याला जे आधीच ठरवता आले ते त्याने ओतीव लोखंडात कायमचे करून टाकले. जे ठरवता आले नाही, कारण कापड कधी मलमलीचे असते तर कधी खादीचे, दोरा कधी बारीक असतो तर कधी जाड, ते त्याने वापरणाऱ्याच्या हाती सोपवले. कळ असते ती अशाच ठिकाणी. म्हणून प्रत्येक कळीपाशी थांबून 'येथे कोणती अडचण आली होती?' असे विचारले की तिचा उपयोग आपोआप कळू लागतो.

सुईचे छिद्र टोकाला का?

हाताने शिवताना सुई कापडातून पूर्ण आरपार जाते आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा परत येते. सुरुवातीच्या काही संशोधकांनी हीच क्रिया यंत्राकडून करवून घेण्याचा प्रयत्न केला. पण यंत्राने सुई सोडायची, पलीकडे पकडायची आणि दोरा पूर्ण ओढून घ्यायचा, हे फार अवघड होते. हाताची नक्कल करणे सोडल्यावरच मार्ग सापडला.

इंग्लंडमध्ये टॉमस सेंट याने १७९० साली चामडे शिवण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले होते. ते कागदपत्रांच्या ढिगात इतके विस्मरणात गेले की १८७४ साली कोणाच्या तरी नजरेस पडेपर्यंत त्याचा पुढच्या संशोधकांना काहीच उपयोग झाला नाही. प्रत्यक्ष वापरात आलेले पहिले यंत्र बार्तेलमी तिमोनिए या फ्रेंच शिंप्याचे. १८३० साली त्याला पेटंट मिळाले. त्याच्या सुईला टोकाशी आकडा होता आणि तिने साखळी टाका पडत असे. साखळी टाक्याला एकच दोरा लागतो, पण शेवटचे टोक ओढले की सगळी टीप सरसर उसवते. धान्याच्या किंवा सिमेंटच्या पोत्याचे तोंड उघडताना आपण याच गुणाचा फायदा घेतो. अंगावरच्या कपड्याला मात्र तो परवडत नाही.

न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंट याने १८३० नंतरच्या काही वर्षांत निराळी युक्ती काढली. सुईचे छिद्र मागच्या टोकाऐवजी अणीजवळ आणले. सुई पूर्ण आरपार जाण्याचे कारणच उरले नाही. ती दोरा घेऊन खाली जाते, थोडी वर येते आणि तिच्यामागे दोऱ्याचा छोटा फास तयार होतो. त्या फासातून दुसरा दोरा घेतलेले शटल निघून जाते. दोन दोरे एकमेकांत अडकतात. हीच लॉकस्टिच, आजच्या घरगुती यंत्राची टीप. हंटने पेटंट घेतले नाही. यंत्रामुळे शिवणकाम करणाऱ्या बायकांचे काम जाईल, असे त्याच्या मुलीने म्हटल्यामुळे त्याने ते सोडून दिले, अशी हकिकत सांगितली जाते. याच तत्त्वावरचे पेटंट १० सप्टेंबर १८४६ रोजी अमेरिकेतील एलायस हाऊ याला मिळाले. पुढे वाद झाला तेव्हा शोध आधीचा हंटचा असल्याचे मान्य झाले, पण त्याने वेळेवर अर्ज केला नव्हता म्हणून हक्क हाऊकडेच राहिला.

आता यंत्राची सुई हातात घ्या. तिच्या एका बाजूला लांब खाच असते. खाली जाताना दोरा त्या खाचेत लपतो, त्यामुळे कापडावर घासत नाही. दुसऱ्या बाजूला अशी लांब खाच नसते. सुई परत निघाली की या बाजूचा दोरा कापडाच्या घर्षणाने मागे राहतो आणि फास फुगतो. सुई जेमतेम दोन मिलिमीटर वर येते तोच शटलचे टोक त्या फासात शिरते. यावरून सुई कशी बसवायची याचा नियम निघतो. शटलचे टोक सुईच्या ज्या बाजूने जाते त्या बाजूला फास हवा, म्हणजे लांब खाच तिच्या विरुद्ध बाजूला हवी. दोरा ओवायचा तो नेहमी लांब खाचेच्या बाजूने. काही यंत्रांत तो डावीकडून ओवतात, काहींत उजवीकडून आणि काहींत समोरून. पाठ करण्याची गरज नाही. खाच आणि शटल पाहून ठरवता येते. सुई उलटी बसली तर फास शटलच्या वाटेत येतच नाही आणि एकही टाका पडत नाही.

कापड कोण सरकवणार?

हाऊने १८४५ साली बोस्टनमध्ये आपल्या यंत्राची पाच शिवणाऱ्या बायकांशी स्पर्धा लावली होती. यंत्र मिनिटाला सुमारे २५० टाके घालत होते आणि ते जिंकले. तरीही त्याचा खप झाला नाही. त्याची एक मोठी अडचण कापड सरकवण्याची होती. कापड एका उभ्या पट्टीवरच्या टाचण्यांना अडकवावे लागे. पट्टी संपली की यंत्र थांबवायचे, कापड काढायचे आणि पुन्हा टाचायचे. वळणदार शिवण तर शक्यच नव्हती.

ही अडचण टप्प्याटप्प्याने सुटली. जॉन बॅचेल्डर याच्या १८४९ च्या पेटंटमध्ये आडव्या पाटावर कापड सलग पुढे सरकण्याची सोय होती. आयझॅक सिंगरच्या यंत्रात सरळ उभी सुई, आडवा पाट, कापड दाबून धरणारा पाय आणि खालून कापड ओढणारे खरबरीत चाक होते. त्याला १२ ऑगस्ट १८५१ रोजी पेटंट मिळाले. नेमक्या त्याच दिवशी ॲलन विल्सन याला गोल फिरणाऱ्या हुकाचे पेटंट मिळाले. याच विल्सनने १८५४ साली कापड सरकवणारे दात आणले. सुईखालच्या पट्टीतून डोकावणारे हे दात चार हालचाली करतात: वर येतात, कापडासह मागे जातात, खाली बुडतात आणि रिकामेच पुढे परततात. मधल्या क्षणी कापड मोकळे असते, म्हणून शिवणारा ते हवे तसे वळवू शकतो. आजच्या यंत्रातही हेच दात आहेत.

येथे दोन गोष्टी आधी ठरवता येत नव्हत्या. एक, पाय किती जोराने दाबायचा. तलम कापडाला जास्त दाब दिला तर दातांचे वण उठतात. जाड गोधडीला कमी दाब दिला तर ती सरकत नाही. म्हणून माथ्यावरचा तो स्क्रू. आत वळवला की स्प्रिंग दबते आणि दाब वाढतो. दुसरी, दात एका वेळी किती सरकायचे. म्हणून खांबावरचा दांडा.

या दांड्याच्या पट्टीवरचे आकडे वर्गात दाखवण्याजोगे आहेत. काही यंत्रांवर १ ते ४ किंवा ५ असे आकडे असतात. ते टाक्याची लांबी मिलिमीटरमध्ये सांगतात. काहींवर ६, ८, १०, १२, १५, २०, ३० असे आकडे असतात. ते एका इंचात किती टाके पडतील हे सांगतात. एकक कुठेच लिहिलेले नसते. पहिल्या यंत्रावर मोठा आकडा म्हणजे लांब टाका, दुसऱ्यावर मोठा आकडा म्हणजे आखूड टाका. रूपांतर सोपे आहे. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, तेव्हा १२ आकड्यावरचा टाका २५.४ भागिले १२, म्हणजे सुमारे २.१ मिलिमीटरचा. ६ वर तो ४.२ मिलिमीटर होतो आणि ३० वर जेमतेम ०.८५. एककाशिवाय आकडा अर्थहीन असतो, हे सांगायला याहून घरगुती उदाहरण सापडणार नाही.

नंतरच्या यंत्रांत हाच दांडा मधल्या बिंदूच्या पलीकडे नेला की टीप उलटी पडते. आतला भाग पाहिला तर त्याचे कारण समजते. दातांना मागेपुढे हलवणाऱ्या दांडीचा मार्ग हा दांडा तिरका करतो. तिरकेपणा जास्त तेवढा टाका लांब. तिरकेपणा शून्य झाला की दात वरखाली होतात, पण कापड जागचे हलत नाही. तिरकेपणा विरुद्ध बाजूला गेला की दात उलट सरकतात. धन, शून्य आणि ऋण अशा तिन्ही किमती एकाच पट्टीवर आहेत. फार जुन्या यंत्रांवर ही सोय नाही. तेथे शिवणीच्या शेवटी कापड फिरवून किंवा दोऱ्यांना गाठ मारून टीप पक्की करावी लागते.

दोन दोऱ्यांची रस्सीखेच

सिंगरने पुढे स्वतः एक हकिकत सांगितली होती. १८५० साली बोस्टनमधील कारखान्यात पहिले यंत्र जुळवून झाले, पण टीप सैल पडत होती. निराश होऊन रात्री परतताना त्याच्या लक्षात आले की दोऱ्याचा ताण जुळवायचा राहून गेला आहे. परत जाऊन त्याने ताण दिला आणि काही टाके नीट पडले.

लॉकस्टिचमध्ये वरचा आणि खालचा दोरा जेथे अडकतात ती जागा कापडाच्या दोन थरांच्या मध्ये लपली पाहिजे. दोन्ही दोरे एकमेकांना ओढत असतात. ज्याचा ताण जास्त त्याच्या बाजूला अडकण सरकते. म्हणून दोष दिसतो तो विरुद्ध बाजूला. कापडाच्या खाली दोऱ्याचे फास लोंबत असतील तर आपण बॉबिनकडे धावतो, पण सैल असतो तो वरचा दोरा.

दोन चकत्या आणि स्प्रिंग यांचे काम घर्षणाचे आहे. दोरा दोन चकत्यांमधून जातो, म्हणून त्याच्या दोन्ही अंगांना घर्षण होते. स्प्रिंगचा दाब दुप्पट केला की घर्षणही सुमारे दुप्पट होते. बटणावरचे ० ते ९ आकडे मात्र कोणतेही एकक दाखवत नाहीत. दोन यंत्रांवरचा ४ हा आकडा सारखाच ताण देईल असे नाही. तो फक्त 'मागच्या वेळी कुठे होते' याची खूण आहे. दांड्यावरचे आकडे मोजमापाचे, बटणावरचे आकडे केवळ क्रमाचे. सुईवरचे आकडे तर तिसऱ्याच प्रकारचे असतात. ९०/१४ अशा जोडीतला १४ हा व्यापारी क्रमांक आहे, तर ९० म्हणजे सुईची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, अर्थात ०.९ मिलिमीटर.

मागची तरफ उचलली की दाबपाय वर जातो, हे सर्वांना दिसते. पण बहुतेक यंत्रांत त्याच वेळी चकत्याही सैल होतात, हे दिसत नाही. शिवून झालेले कापड काढताना दोरा सहज सुटावा यासाठी ही जोडणी केलेली आहे. तिचे दोन परिणाम ध्यानात ठेवावे लागतात. दोरा ओवायचा तो पाय वर असताना, नाहीतर तो चकत्यांच्या मध्ये बसतच नाही. ताण तपासायचा तो पाय खाली असताना, नाहीतर बटण कितीही फिरवले तरी फरक पडत नाही. खाली गुंता होतो त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते. बॉबिन केसवरच्या बारीक स्क्रूला शक्यतो हात लावू नये. लावायचाच झाला तर दोऱ्याचे टोक धरून केस लोंबकळू द्यावी. हलका झटका दिल्यावर ती थोडीशी उतरून थांबली तर तिचा ताण योग्य आहे.

चाकातले छोटे चाक

लॉकस्टिचला दोन दोरे लागतात, म्हणजे खालच्या बॉबिनवर पुन्हा पुन्हा दोरा भरणे आले. त्या वेळी सुई हलत राहिली तर यंत्र विनाकारण झिजते. म्हणून मोठ्या चाकाच्या मधले छोटे चाक सैल केले की मोठे चाक मोकळे फिरते आणि सुई थांबते. मोटारीतील क्लचचेच हे काम. बॉबिन भरून झाल्यावर ते पुन्हा आवळायला विसरले तर पायडल फिरते पण सुई ढिम्म हलत नाही.

मोठे चाक बहुतेक यंत्रांत वरच्या बाजूने शिवणाऱ्याकडे फिरवायचे असते. व्हीलर अँड विल्सनची जुनी यंत्रे मात्र उलट, शिवणाऱ्यापासून दूर फिरतात. अनोळखी यंत्र हाती आले तर दोरा न ओवता चाक हळूच फिरवून दात कोणत्या दिशेने कापड सरकवतात ते पाहावे. पायाने चालवायच्या यंत्रात नवशिक्याचे चाक हमखास उलटे जाते. पायडलची वरखाली हालचाल भुजेमार्फत चाकाला मिळते, आणि ती कोणत्याही दिशेला सुरू होऊ शकते. शिवाय प्रत्येक फेऱ्यात दोनदा अशी जागा येते की कितीही दाबले तरी चाकाला गती मिळत नाही. पहिली दिशा हाताने द्यावी लागते. मृतबिंदूंच्या पलीकडे जड चाकाचे जडत्व नेते.

सगळी यंत्रे सारखी का?

एक यंत्र कळले की दुसरे सहज कळते. त्याचे कारणही इतिहासात आहे. १८५० नंतर अमेरिकेत सर्वांनी एकमेकांवर खटले भरले. सुई एकाची, दात दुसऱ्याचे, सलग पाट तिसऱ्याचा; कोणालाच संपूर्ण यंत्र बनवता येईना. शेवटी १८५६ साली हाऊ, सिंगर, व्हीलर अँड विल्सन आणि ग्रोव्हर अँड बेकर यांनी आपली पेटंटे एकत्र केली आणि इतरांकडून परवाना शुल्क घेण्यास सुरुवात केली. १८७७ मध्ये शेवटचे महत्त्वाचे पेटंट संपल्यावर हा संघ संपला. तोवर यंत्राची घडण स्थिर झाली होती. सिंगरच्या '१५' वर्गाच्या यंत्राच्या नकला दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये मोठ्या प्रमाणावर निघाल्या.

भारतात सिंगरची यंत्रे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. त्या शतकाच्या अखेरीस कंपनीचा येथील कारभार एन. एम. पटेल या पारशी व्यवस्थापकाकडे होता. जुन्या यंत्राच्या पाटावर अक्षर आणि आकडे कोरलेले असतील, तर ते १९०० नंतरचे; एफ किंवा जे अक्षर असेल तर ते स्कॉटलंडमधील क्लाइडबँकच्या कारखान्यातले. १९३० च्या दशकात कलकत्त्यात जय इंजिनिअरिंग वर्क्सने 'उषा' यंत्रे बनवण्यास सुरुवात केली.

या यंत्राने कोणाचे भले केले, हा प्रश्न पहिल्यापासून आहे. तिमोनिएच्या पॅरिसमधील कारखान्यात ८० यंत्रे सैन्याचे गणवेश शिवत होती. १८३१ साली धास्तावलेल्या शिंप्यांनी ती मोडून टाकली. दुसरीकडे, १८६० च्या सुमारास व्हीलर अँड विल्सन कंपनीने जाहीर केले की पुरुषाचा शर्ट हाताने शिवायला १४ तास २६ मिनिटे लागतात, तर यंत्रावर १ तास १६ मिनिटे. आकडे विक्रेत्याचे आहेत, तरी फरकाचा अंदाज येतो. वाचलेला वेळ कोणाचा, हे यंत्र कोणाच्या मालकीचे यावर ठरले. मालकाच्या कारखान्यात तुकड्यावर काम करणारीला तेवढ्याच पैशांसाठी अधिक शर्ट शिवावे लागले. घरी स्वतःचे यंत्र असलेलीच्या हाती एक धंदा आला.

महात्मा गांधींच्याही मनात हाच भेद होता. १९२४ साली 'यंग इंडिया'त आलेल्या जी. रामचंद्रन यांच्याबरोबरच्या संभाषणात त्यांनी यंत्रांना असलेल्या आपल्या विरोधातून सिंगरचे शिवणयंत्र वगळले. सिंगरने पत्नीचे कष्ट पाहून ते बनवले, असे ते म्हणाले. इतिहास तसा नाही. सिंगर त्यात पैशासाठी उतरला होता. पण गांधीजींच्या म्हणण्याचा गाभा त्यामुळे ढळत नाही. हे यंत्र माणसाची जागा घेत नाही, त्याच्या हाताखाली चालते. दाब किती, ताण किती, टाका केवढा, हे माणूस ठरवतो. तेच कळेनासे झाले तर माणूस त्याच यंत्राचा केवळ चालक होतो.

शाळेत एखादे पडून राहिलेले यंत्र असेल तर विद्यार्थ्यांना हा पाठ प्रत्यक्ष देता येईल. आधी धूळ आणि जुन्या दोऱ्याचे तुकडे काढून शिवणयंत्राचे तेल द्यावे आणि एक दिवस जाऊ द्यावा. मग वर लाल आणि खाली पांढरा दोरा लावून जाड सुती कापडाच्या दोन थरांवर टीप मारावी. ताणाचे बटण एकेका आकड्याने वाढवत नेले की अडकणीचे ठिपके कोणत्या बाजूला दिसतात ते नोंदवावे. नंतर दांड्याच्या प्रत्येक आकड्याला दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके पडतात ते मोजून आलेख काढावा. आलेख चढता आला की उतरता, यावरून पट्टीवरच्या आकड्यांचे एकक विद्यार्थी स्वतःच सांगतील. शेवटी त्यांनाच प्रत्येक कळीची चिठ्ठी लिहून यंत्राला चिकटवायला सांगावी. हरवलेली माहितीपुस्तिका अशी पुन्हा तयार होते, आणि पुढच्या वर्गाला ती उपयोगी पडते.